बायोमेडिकल प्रकल्पांचे मार्गदर्शन करताना या चुका टाळा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले विद्यार्थी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी माझ्याकडे येतात. बहुतेक जण इलेक्ट्रॉनिक्सचे असतात आणि हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र करायचे हे घरूनच ठरवून आलेले असतात. विषय चांगला आहे. मात्र दरवर्षी त्याच त्या चुका होतात, आणि त्यांतल्या निम्म्या आम्हा मार्गदर्शकांच्या असतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पडद्यावरच्या आकड्यालाच यश मानणे. काही वर्षांपूर्वी तिघांच्या एका गटाने ईसीजीचे, म्हणजे हृदयाचे विद्युत संकेत टिपणारे, यंत्र दाखवायला आणले. पडद्यावर मिनिटाला ७४ ठोके हा आकडा अगदी स्थिर होता आणि पहिल्या दोन आढाव्यांत तो पाहून मीही सही केली होती. त्या दिवशी मात्र, ज्याच्या छातीला इलेक्ट्रोड (संकेत टिपणाऱ्या जेल लावलेल्या चकत्या) लावले होते त्याला मी दोन मजले चढून यायला सांगितले. तो धापा टाकत परत आला, वायरी पुन्हा जोडल्या, तरी आकडा ७४च होता. मग इलेक्ट्रोड काढून टेबलावर ठेवायला लावले, आणि टेबलाचे ठोकेही ७४ भरले.

प्रोग्राम उघडल्यावर कारण सापडले. एकच ठोका दोनदा मोजला जाऊ नये, यासाठी एक ठोका मोजल्यानंतर सुमारे २०० मिलिसेकंद मोजणी थांबवण्याची पद्धत आहे. या मुलांना सुरुवातीला २७०च्या आसपास ठोके दिसत होते, म्हणून त्यांनी थांबण्याचा हा काळ वाढवत वाढवत ८०० मिलिसेकंदांवर नेला. आत येत होता तो फक्त भिंतीतल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा गोंगाट, त्यामुळे थांबण्याचा काळ संपला की पुढची लाट ‘ठोका’ म्हणून मोजली जात होती. मुलांनी फसवण्याच्या हेतूने काही केले नव्हते. पुस्तकात निरोगी माणसाचा आकडा वाचला होता आणि तो दिसेपर्यंत ते बदल करत राहिले होते.

खरा दोष त्याही आधीचा होता. हृदयाचा संकेत त्वचेवर जेमतेम १ मिलिव्होल्टचा असतो, पण इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यामधला स्थिर व्होल्टेज ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो. पहिल्याच टप्प्यात हजारपट वर्धन केले की ॲम्प्लिफायर, म्हणजे संकेत मोठा करणारे सर्किट, एका टोकाला जाऊन अडकतो आणि हृदयाचा संकेत पुढे पोचतच नाही. त्यात एप्रिलचे दिवस होते. जळगावच्या त्या उन्हाळ्यात इलेक्ट्रोडचे पाकीट उघडे राहिले की जेल वाळून त्वचेशी संपर्क बिघडतो, आणि या गटाचे पाकीट पंधरा दिवस कपाटावर उघडेच पडून होते. तेव्हापासून उघडलेले पाकीट दुमडून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे संकेताची लाट दाखवणाऱ्या यंत्रावर, कच्चा संकेत पाहिल्याशिवाय पडदा जोडू देत नाही, आणि इलेक्ट्रोड काढल्यावर आकडा नाहीसा झाला पाहिजे, ही चाचणी पहिल्या आढाव्यातच घेतो.

दुसरी चूक आमच्या हातांची आहे. ‘सर, एवढं जरा बघा ना’ असे म्हटले की आपण सोल्डरिंग गन उचलतो, दहा मिनिटांत दोष काढतो, आणि विद्यार्थी तेवढ्या दहा मिनिटांच्या शिक्षणाला मुकतो. मी आता खुर्चीत बसून राहतो, मल्टिमीटर त्याच्याच हातात ठेवतो आणि कोणत्या बिंदूवर किती व्होल्ट अपेक्षित आहेत एवढेच विचारतो. तयार मॉड्यूल (जोडून मिळणारे सर्किट) विकत आणून आठवड्यात प्रकल्प उरकू पाहणाऱ्यांना याचे उत्तर देता येत नाही. मॉड्यूल वापरायला माझी हरकत नाही, पण त्याचे सर्किट आधी कागदावर काढता आले पाहिजे.

चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपशी माणसाला जोडू नका, कारण भिंतीतली वीज गळून शरीरातून वाहू शकते. थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या उपकरणांसाठी सामान्य स्थितीतली या गळतीची मर्यादा अवघी १० मायक्रोॲम्पिअर आहे. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत माणसावरची प्रत्येक चाचणी बॅटरीवरच होते, मग परीक्षक बाहेर ताटकळत बसले असले तरी.

प्रकल्पाच्या वहीत प्रत्येक नोंदीला तारीख घाला.

ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारे यंत्र, केवळ स्वतःच्या बोटावर तपासू नका. ६६० आणि ९४० नॅनोमीटरच्या दोन्ही प्रकाशांना बोटातला रक्ताचा ठोका सापडावा लागतो, आणि डिसेंबरातल्या पहाटे तोरणमाळला गारठलेल्या बोटात तो फार क्षीण असतो.

विषय ठरवण्याआधी विद्यार्थ्यांना दवाखान्यात न नेणे ही चूक मी स्वतः अनेक वर्षे केली. एका गटाला ऑक्सिमीटरचा आकडा इंटरनेटवरून डॉक्टरांच्या मोबाइलवर पाठवायचा होता आणि त्यांचा आराखडाही तयार होता. त्यांना मी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. तिथल्या सिस्टरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, खणातून ऑक्सिमीटरचे बोटाला लावायचे तीन प्रोब काढले आणि टेबलावर मांडले. तिन्हींची वायर एकाच जागी, प्लगच्या तोंडाशी, तुटलेली होती. एकीवर बँडेजची चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ‘भाऊ, मोबाइलचं नंतर बघा, इथं रेंजच राहत नाही. ही वायर इथून तुटणार नाही असं काही करता येईल का?’ असे त्यांनी विचारले. परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. सोमवारी त्या गटातली एक मुलगी प्लगजवळची वायर दिवसातून किती वेळा आणि कोणत्या कोनात वाकते याचा तक्ता घेऊन आली, आणि त्यांचा प्रकल्प तिथून सुरू झाला.