चरबी घटवताना स्नायू कसे वाढवावेत

चरबीचे स्नायूंत रूपांतर होत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. या दोन निरनिराळ्या ऊती आहेत. मात्र आहारातून मिळणारी ऊर्जा थोडी कमी पडली, तर शरीर ती तूट साठवलेल्या चरबीतून भरून काढते आणि त्याच काळात पुरेशी प्रथिने व वजनांचा व्यायाम मिळाल्यास स्नायूही बांधले जातात. नव्याने व्यायाम करणाऱ्यांना, मोठ्या खंडानंतर परतणाऱ्यांना आणि चरबी अधिक असलेल्यांना हे तुलनेने सहज साधते; अनेक वर्षे व्यायाम केलेल्या सडपातळ व्यक्तीने मात्र एका वेळी एकच उद्दिष्ट धरावे.

आहारातील तूट रोज ३०० ते ५०० किलोकॅलरींची पुरते. घाईने जेवण निम्म्यावर आणले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. प्रथिने मात्र कमी करू नयेत: शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १.६ ते २.२ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या व्यक्तीला सुमारे ११२ ते १५४ ग्रॅम, आणि तीही तीन-चार वेळच्या खाण्यात विभागून. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

व्यायामात प्रत्येक मोठ्या स्नायूसमूहाला आठवड्यातून किमान दोनदा काम द्यावे. बैठकीचे, ढकलण्याचे आणि ओढण्याचे प्रकार निवडून दर सेटमध्ये, म्हणजे न थांबता केलेल्या एका फेरीत, ६ ते १२ आवर्तने करावीत आणि आणखी एक-दोनच जमतील असे वाटेल तेथे थांबावे. सगळ्या सेटमध्ये १२ आवर्तने नीट होऊ लागली की वजन थोडे वाढवावे. यासाठी वही ठेवावी. स्मरणशक्ती या बाबतीत फारच उदार असते. झोप सात तासांहून कमी नसावी.

वजनकाट्यावर फार विसंबू नये. व्यायाम सुरू होताच स्नायूंत ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) आणि त्यासोबत पाणी साठते, त्यामुळे चरबी घटत असतानाही काटा काही आठवडे जागचा हलत नाही. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, बेंबीच्या रेषेत कंबर मोजून तो आकडा वहीत उचललेल्या वजनांशेजारी लिहावा. तीन-चार आठवड्यांत वजने वाढली पण कंबर तेवढीच राहिली, तर आहारातून आणखी १०० ते २०० किलोकॅलरी कमी कराव्यात. कंबर झपाट्याने उतरत असून पूर्वीचे वजन पेलेनासे झाले, तर तेवढ्याच वाढवाव्यात.