घरावर ताबा नोटीस लागली तर

सरफेसी कायदा म्हणजे थकलेल्या कर्जासाठी बँकेला कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा कायदा. त्याच्या कलम १३(२) ची, म्हणजे थकबाकी फेडा सांगणारी, नोटीस आली की ६० दिवसांत लेखी हरकत द्याच, पोच घेऊन. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. पुढे दारावर ताबा नोटीस चिकटली, की तारखेसह फोटो काढा. तिथून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात कलम १७ खाली अर्ज करा. बरेच जण दिवाणी कोर्टात जातात. अशा प्रकरणांत दिवाणी कोर्टाला मनाई करणारं कलम ३४ आड येतं आणि मुदत हातची जाते, याचं फार वाईट वाटतं.

अर्जात नुसत्या अडचणी सांगून भागत नाही, बँकेची चूक दाखवा. ताबा नोटीस ताबा घेतल्यापासून ७ दिवसांत दोन वर्तमानपत्रांत, त्यांतल्या एका स्थानिक भाषेतल्या, छापावी लागते. ती कात्रणं तपासा. अर्जासोबत स्थगितीही मागा, नाहीतर लिलाव थांबत नाही.