हँडबॉल खेळायचंय? आधी मागे पळायला शिका

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच मुली माझ्यासारख्याच कबड्डी सोडून हँडबॉलकडे येतात. अंगाला भिडायची भीती नसते, हा मोठा फायदा. पण हात सवयीनं समोरचीच्या कमरेला जातो, आणि इथं मागून धरलं की 2 मिनिटं बाहेर. तसं तिसऱ्यांदा झालं की सरळ लाल कार्ड. म्हणून आधी समोरून अडवायला शिका. छाती तिच्यासमोर, कोपरं वाकवलेली, पाय सतत हलते.

डिसेंबर 2024 मध्ये महिलांची आशियाई स्पर्धा नवी दिल्लीत झाली आणि अंतिम सामन्यात जपाननं दक्षिण कोरियाला हरवलं. अशा संघांचे सामने जरूर बघा, पण नजर चेंडूवरून काढून. शॉट मारून झाला की मुली मागे वळून आपल्या गोलसमोरच्या 6 मीटरच्या रेषेकडे सुटतात. मैदान 40 मीटर लांब, 30-30 मिनिटांचे दोन हाफ. आपल्या मुली गोल छान मारतात, मागे पळण्यातच कमी पडतात, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी आपल्याकडे समुद्र आहे. रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर पळा. जंप शॉट, म्हणजे उडी घेऊन गोलवर फेक, मात्र वर सुक्या वाळूत मारा. जांभ्याच्या मैदानावर पडलात तर गुडघे सोलून निघतात आणि मग उडीच मारवत नाही. चेंडू 2 नंबरचाच हवा, 54 ते 56 सेंटिमीटर घेराचा. शाळेत मुलांचा 3 नंबरचा हाती देतात, त्यानं पकड बिघडते.

घरचे कपड्यांबद्दल विचारतील. इनडोअरला टी-शर्ट आणि शॉर्ट्स असतात. बीच हँडबॉलमध्ये 2021 साली नॉर्वेच्या मुली बिकिनीऐवजी शॉर्ट्स घालून उतरल्या म्हणून त्यांना दंड झाला होता. त्यावर जगभर ओरड झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघानं नियम बदलला. हे आईला नक्की सांगा.

कागदपत्रांत हयगय नको. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपा. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणासाठी त्याची क्रीडा विभागाकडून पडताळणी लागते. पासपोर्टही आधीच काढून ठेवा.

आणि डावखुऱ्या असाल तर निवड चाचणीला पोचल्या पोचल्या सांगा. उजव्या बाजूला खेळायला प्रशिक्षक डावखुऱ्या मुली शोधतच असतात.