लाकडी पाइप घडवताना सिमेट्री कुठे बिघडते? या चुका टाळा

तंबाखू ओढायचा पाइप वाकडा दिसला की दोष कानशीला दिला जातो. पण कानस येते शेवटी. वाकडेपणा त्याच्या बराच आधी शिरलेला असतो, ठोकळ्यावर पेन्सिल फिरवताना किंवा पहिलं भोक पाडताना. खाली धरला आहे तो सरळ दांडीचा आणि उभ्या वाटीचा 'बिलियर्ड' घाट. दिसायला सर्वांत साधा, पण करायला अवघड, कारण त्यात अर्धा मिलिमीटरही लपत नाही.

मापं आधी ठरवून घ्या. वाटी बाहेरून ३८ मिमी, उंची ४८ मिमी. आतलं भोक २० मिमी व्यासाचं आणि ४० मिमी खोल. दांडी १६ मिमी, हवेची नळी ४ मिमी, स्टेमचं (तोंडात धरायच्या तुकड्याचं) कुसू, म्हणजे त्याचं बारीक टोक, बसायची खोबण ८ मिमी. नळीचा मध्य वाटीच्या बाहेरच्या तळापासून १० मिमी वर धरा. म्हणजे नळीचा खालचा काठ ८ मिमीवर येतो, नेमका वाटीच्या आतल्या तळाशी. हे गणित चुकलं तर बाहेरून पाइप कितीही देखणा झाला तरी आत काम बिघडतं: नळी २ मिमी वर गेली की तळाचा तंबाखू जळतच नाही, ओला लगदा होऊन बसतो.

लाकूड निवडतानाची चूक

बडोद्यातल्या लाटीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, सागाचे तुकडे सहज मिळतात, म्हणून पहिला हात त्यांच्यावरच पडतो. साग तेलकट असतो आणि त्याच्या तंतूंच्या रेषा सरळ असतात. बारीक दांडीत तो रेषेवर चिरतो, आणि वाटीसाठी तर तो नकोच. ओढायच्या पाइपसाठी जगभर ब्रायर वापरतात. ते भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी येणाऱ्या गाठीचं लाकूड. गाठ उकळून, महिनोन्‌महिने वाळवून मग ठोकळे पाडतात. ते घट्ट असतं, उष्णतेला टिकतं. ब्रायरचा ठोकळा मागवावाच लागतो, त्यामुळे हात बसेपर्यंत शिसम किंवा बाभळीवर सराव करा, आणि ते सरावाचे पाइप शोकेसमध्येच ठेवा. शिसम आणि साग दोन्हींची भुकटी नाकाला, त्वचेला त्रास देते, तेव्हा मास्क हवाच. कण्हेरीसारख्या विषारी झाडाचं लाकूड सरावालाही घेऊ नका.

पावसाळ्यात आणलेला ठोकळा लगेच कापायला घेणं ही बडोद्यातली नेहमीची चूक. जुलैच्या दमट हवेत गोल काढलेली खोबण मे महिन्यात लंबगोल होते, कारण लाकूड रेषेच्या आडवं जास्त आकसतं. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना मेण लावा, दर आठवड्याला वजन करा आणि वजन उतरायचं थांबलं की मगच हात लावा.

मधली रेषा पुसली की दिशा गेली

ठोकळा आधी सहाही बाजूंनी काटकोनात आणा. एक बाजू जरी तिरकी असली तरी तिच्यावरून मारलेली प्रत्येक रेषा तिरकी. मग मधली रेषा चारही बाजूंनी फिरवा: वाटीच्या माथ्यावरून, पुढून, तळातून आणि दांडीच्या टोकावरून. जिथून निघाली तिथेच ती येऊन मिळाली पाहिजे. मिळाली नाही तर गुण्या तपासा, ठोकळा तपासा, पण पुढे जाऊ नका.

कानशीने ही रेषा पुसली जाणारच. पुसली की लगेच परत मारा. 'आता अंदाज आलाय' म्हणून सोडली, की पुढच्या दहा मिनिटांत वाटी एका कुशीवर कलते. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा दाब एका बाजूला जास्त पडतो आणि तो स्वतःला कळत नाही.

लेथवर दोन अक्ष, दोन वेळा चूक करायची संधी

या पाइपमध्ये दांडीचा अक्ष आडवा आणि वाटीचा उभा. लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) ठोकळा दोनदा बांधावा लागतो, आणि बहुतेक पाइप या दुसऱ्या बांधणीत वाया जातात.

पहिली बांधणी दांडीची. टोक सपाट करणं, ८ मिमीची खोबण १६ मिमी खोल पाडणं आणि ४ मिमीची नळी काढणं, ही तिन्ही कामं चक (ठोकळा पकडणारा लेथचा जबडा) न सोडता एकाच बांधणीत करा. मध्येच ठोकळा सोडून परत बांधला की खोबण आणि नळी एका रेषेत राहत नाहीत. लांब बिट थेट लावू नका, ते कडक रेषेवरून घसरून वाट बदलतं. आधी सेंटर ड्रिल (मध्यावर छोटा खड्डा पाडणारं आखूड, जाड बिट), मग आखूड बिट, शेवटी लांब. दर ८-१० मिमीला बाहेर काढून भुसा झाडा. भुसा अडकला की बिट तापतं आणि वाकतं.

आता ठोकळा ९० अंशांत फिरवून वाटीसाठी बांधा. नुसत्या नजरेने बांधणं इथे महागात पडतं. नळीत ४ मिमीची सरळ सळई घाला आणि ती आडवी येईल असा चक हाताने फिरवा. मग दोन गोष्टी पाहा. सळईचं ठोकळ्याजवळचं टोक आणि दूरचं टोक हेडस्टॉकपासून (लेथच्या फिरवणाऱ्या बाजूपासून) सारख्याच अंतरावर आहे का? नसेल तर दोन अक्ष काटकोनात नाहीत. सळईची उंची टेलस्टॉकच्या (समोरच्या बाजूच्या न फिरणाऱ्या आधाराच्या) टोकाइतकी आहे का? नसेल तर नळी वाटीच्या मध्यात न शिरता कडेने शिरणार. दोन्ही जुळल्याशिवाय मोटार चालू करायची नाही. आणि चालू करण्याआधी सळई काढायची, हे लिहून ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे.

या बांधणीत दांडी एका बाजूला बाहेर असते. फिरताना ती दिसत नाही, पण बोटांना लागते. वजनही एकांगी असतं, म्हणून वेग मिनिटाला ५०० ते ६०० फेऱ्यांच्या वर नेऊ नका. वाटीचं भोक ३०० च्या आसपास पाडा, टोक 'यू' आकारात घासलेल्या चपट्या बिटने. सपाट तळाच्या बिटने कोपरे राहतात आणि ओल तिथेच साठते. बिटवर ४० मिमीला टेप गुंडाळा.

भोक बाहेरच्या गोलाईशी १ मिमी एका बाजूला सरकलं असेल तर भोक सुधारायला जाऊ नका. वाटीत निमुळती लाकडी गुल्ली घट्ट ठोका, तिच्यावर पाइप बांधा आणि बाहेरची बाजू भोकाच्या मानाने पुन्हा काता. भिंत ९ वरून ८ मिमी होईल, चालतं. ६ मिमीच्या खाली जायची वेळ आली तर तो पाइप सोडून द्या. पातळ भिंत हाताला चटके देते आणि आतून जळून भोक पडतं.

लेथ जिथे थांबतो तिथून पुढे

दांडी आडवी येत असल्याने वाटीचा खालचा भाग लेथवर कातता येत नाही. तो कानशीचा. नवशिक्यांच्या पाइपमध्ये बिघाड दिसतो तो इथेच, वाटी आणि दांडी जिथे मिळतात त्या खोलगट जागी. डावी खाच खोल, उजवी उथळ.

जाड पुठ्ठ्यावर अर्ध्याच आकाराचा साचा कापा, पूर्ण नको. तोच अर्धा उलटवून दोन्ही बाजूंना लावला की फरक लपत नाही. पूर्ण साच्यात साचाच वाकडा असू शकतो. लेथवर झालेल्या भागाला टेप लावून ठेवा, नाहीतर कानस घसरून त्यालाही खाते.

दांडी एकदम गोल करायला जाऊ नका. आधी १६ मिमीचा चौरस, मग प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना ४.७ मिमीवर रेषा मारून आठ बाजू, मग सोळा, मग गोल. चौरसावरून थेट गोल करू पाहणाऱ्याच्या हातात बटाट्यासारखी दांडी येते. खोबणीत ८ मिमीची गुल्ली घालून तिच्यापासून दांडीची कड कॅलिपरने मोजा. चारही बाजूंना ४ मिमी यायला हवं.

खाच घासताना दोन्ही बाजूंवर पेन्सिलीच्या तिरप्या रेषा ओढा. डावीकडे दहा हात, उजवीकडे दहा हात, मग बघा कुठल्या रेषा उरल्यात. पाइप उलटा करून, खिडकीच्या उजेडासमोर धरून नुसती काळी आकृती बघा. लाकडाच्या रेषा आणि रंग नजरेला फसवतात, काळी आकृती फसवत नाही.

सांध्यात फट

स्टेम आणि दांडीच्या मध्ये उजेड दिसत असेल तर बहुधा दांडीचं टोक पॉलिश पेपरने कडेला गोल झालंय. म्हणून शेवटची घासाई स्टेम बसवूनच करायची, म्हणजे दोघं एकत्र उतरतात. खोबणीच्या तोंडाला किंचित उतार द्या, नाहीतर कुसवाच्या मुळाशी राहिलेली बारीक गोलाई स्टेमला पूर्ण आत जाऊ देत नाही. पावसाळ्यात कुसू घट्ट झालं तर घासू नका, पेन्सिलीचं शिसं चोळा. आता घासलेलं कुसू उन्हाळ्यात डुगडुगेल. पाइप गरम असताना स्टेम ओढून काढलं तर दांडी चिरते.

फिनिश

१५०, २२०, ३२०, ४०० असे पेपर, मध्ये एकही गाळायचा नाही. २२० नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. उभे राहिलेले तंतू ३२० ने जातात. बोटाने नव्हे, कडक लाकडी तुकड्यावर पेपर गुंडाळून घासा, नाहीतर मऊ भाग खड्ड्यात जातो.

बडोद्याजवळ संखेड्याला लेथवर लाख चढवण्याचं काम वर्षानुवर्षं चालत आलंय, आणि तशी झळाळी पाइपला द्यायचा मोह होतो. देऊ नका. फिरत्या लाकडावर घर्षणाच्या उष्णतेने जी लाख वितळून पसरते, तीच तापलेल्या वाटीवर मऊ पडून चिकटते. कार्नोबा मेण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, ते कापडी बफने पातळ चढवा. वाटीच्या आत व्हार्निश, रंग, लाख, काहीही नको. नळी वर गेल्यामुळे तळात खड्डा राहिला असेल तर चिरुटाची राख पाण्यात घट्ट कालवून तळ भरा, नळीत पाइप क्लीनर घालून ठेवा म्हणजे ती बुजत नाही, आणि पूर्ण कडक होईपर्यंत पाइप पेटवू नका. पावसाळ्यात त्याला उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.