क्यूशेलचं आउटपुट टेंप फाइलीत कसं घ्याल

सातपूरच्या एका कारखान्यात मी रात्रपाळीला आयबीएम आय (आयबीएमची संगणक यंत्रणा) सांभाळतो. आमच्याकडे अजूनही त्याला ‘एएस ४००’च म्हणतात.

सीएल ही त्याची स्वतःची कमांड भाषा, आणि क्यूशेल म्हणजे त्यातलं युनिक्ससारखं शेल. सीएल प्रोग्रॅममधून क्यूशेलची कमांड सोडली की आउटपुट स्क्रीनवर येतं आणि एंटरची वाट बघत बसतं. बॅचमध्ये, म्हणजे स्क्रीनशिवाय मागे चालणाऱ्या कामात, तेच स्पूल फाइलीत (छपाईसाठी साठवलेल्या फाइलीत) जातं. म्हणून कमांडच्या शेवटी > लावून फाइलीचं नाव द्या, आणि त्यानंतरच २>&१. पहिल्याने आउटपुट फाइलीत जातं, दुसऱ्याने एररचे मेसेजही त्याच्यामागे जातात. उलट क्रमाने लिहिलंत तर एररचे मेसेज फाइलीत येत नाहीत. मी यात एक अख्खी रात्र घालवलीय.

फाइल ‘टीएमपी’ डिरेक्टरीत ठेवा. नावात जॉब नंबर (चालू कामाला यंत्रणा देते तो क्रमांक) घाला, तो आरटीव्हीजॉबए कमांडने मिळतो. एकदा मी सरळ ‘आउट’ नाव ठेवलं. दोन जॉब एकदम चालले आणि द्राक्षाच्या पेट्यांचा हिशोब पुठ्ठ्याच्या यादीवर चढला.

क्यूटेंप लायब्ररीचा (प्रत्येक जॉबला मिळणाऱ्या स्वतःच्या तात्पुरत्या जागेचा) मोह मात्र टाळा. क्यूशेल आपलं काम वेगळ्या जॉबमध्ये करतं, त्याची क्यूटेंप वेगळी. तुमच्या हाती काहीच लागत नाही.

वाचून झालं की फाइल पुसा, प्रोग्रॅम मधेच पडला तरीसुद्धा. टीएमपी आपोआप रिकामी होत नाही.