हायवेकडेच्या गावात घर घेताय? आधी डिव्हायडरचा कट कुठे ते बघा

नाशिकहून त्र्यंबक रोड धरा नाहीतर दिंडोरी रोड, घरं रस्त्याच्या कडेने लांबच लांब पसरलेली दिसतात. शाळेत याला रेषाकृती वस्ती म्हणायचे, आकृती काढली, मार्क घेतले आणि विसरलो.

तर आधी मोबाईलवर सॅटेलाईट व्ह्यू लावा. मंदिर, पार, जुने वाडे जिथे दाटीने दिसतील ते मूळ गावठाण, आणि तिथून रोडला जी शेपटी फुटलीय ती नंतरची. घर शेपटीत असेल तर "गावातच आहे हो" यावर जाऊ नका, किराणा, शाळा, दवाखाना किती लांब ते बाईकवर स्वतः मोजा. सगळं एकाच रोडवर असतं, पण एक या टोकाला तर दुसरं त्या टोकाला.

आग्रा हायवेला ओझर-पिंपळगावकडे बघत असाल तर डिव्हायडर सगळ्यात महत्त्वाचा. आम्ही भाड्याने घर घेतलं होतं, शाळा बरोब्बर समोर, ब्रोकरने खिडकीतूनच दाखवली, पण अंडरपास कुठे ते तो बोलला नाही न् आम्हीही विचारलं नाही, मग रोज पोराला घेऊन एवढा मोठा वळसा, आणि उशीर झाला की राँग साईड (हो, चूक आहे, माहितीये). म्हणून सकाळी शाळेच्या वेळेला जा आणि पलीकडे जाऊन परत येऊन बघा. एक रात्रही काढा तिथे. कांदा-टोमॅटोच्या गाड्या रात्रभर चालतात, पहिली लाईन दुकानाला भारी, झोपायला मागचीच बरी.

रोडटच म्हणून जास्त पैसे मोजलेला तुकडाच रुंदीकरणात आधी जातो, त्यामुळे सातबारा, एनए (बिगरशेती) बघताना रस्त्याच्या मध्यापासून बांधकाम किती सोडायचं तेही विचारून घ्या.

चांदोरी-सायखेड्याकडे गोदाकाठाला घेताय तर पूररेषा बघा, निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100. नाशिकला गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडायला लागला की तिकडच्यांची झोप उडते.

रोडकडेला राहायचा फायदा एकच पण मोठा, दारातून हात दाखवला की काळी-पिवळी थांबते.

आणि जोतं बघाच. रोडवर दर वेळी नवा थर चढतो, जुनी घरं खाली राहतात न् पावसाचं पाणी सरळ ओट्यावर. आमच्या शेजारच्या काकांनी उंबऱ्याला दोनदा विटा लावल्या, आता घरात पाय उचलून जावं लागतं.