अजिलिटीचे शब्द: नाव कुत्र्याचं, चूक तुमची

अजिलिटी म्हणजे कुत्र्याने सोबत पळणाऱ्या माणसाच्या इशाऱ्यावर अडथळे पार करायची शर्यत. तिची सुरुवात १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात झाली. मधल्या वेळेत प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून घोड्यांच्या शो-जंपिंगच्या धर्तीवर कुत्र्यांना उड्या मारायला लावल्या. तिथले बरेच शब्दही घोड्यांकडूनच आले, आणि तोहमत मात्र कुत्र्याच्या माथी बसली. खालचे आकडे एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या नियमांतले; इतर संघटनांत थोडा फरक असतो.

रिफ्युजल. शब्दशः नकार. कुत्रा उडीपुढे थबकला किंवा तिला बगल देऊन गेला की जज मूठ वर करतो: ५ दोष. तीनदा झालं की बाद. (उघडा पंजा दिसला तर ती साधी चूक, म्हणजे पडलेला बार, उडीवरचा आडवा दांडा, वगैरे.) कुत्रा रुसला असं वाटतं खरं, पण तुमचा हात उडीकडे आणि पायाचे चवडे बोगद्याकडे असतात. कुत्रा चवड्यांवर विश्वास ठेवतो. नाचता येईना, अंगण वाकडं.

बार पडणे. हेही ५ दोष. कुत्रा हवेत असताना तुम्ही 'इकडे!' ओरडता, तो मान वळवतो, मागचे पाय खाली येतात आणि बार गडगडतो. वळायचं असेल तर उडी घेण्याआधी सांगा. नंतर सांगितलेलं फक्त बारला ऐकू जातं.

वीव्ह. एका ओळीतले बारा खांब, मध्ये ६०-६० सेंटिमीटर; कुत्र्याने त्यांच्यामधून नागमोडी जायचं. पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याला यायलाच हवा. तुम्ही कोणत्याही बाजूने पळत असलात तरी. नवखे इथे दोनदा फसतात. एक, कुत्रा भरधाव आणि तिरका आला की पहिली फट सोडून दुसरीत घुसतो. म्हणून सरावात सरळ रेषेवर समाधान न मानता दोन खांबांपासून सुरू करून अर्धवर्तुळातल्या प्रत्येक कोनातून प्रवेश घोटून घ्या. दोन, दहाव्या खांबाशी कुत्रा बाहेर पडतो. कारण? नवव्यापाशीच तुम्ही पुढच्या उडीकडे पळ काढलेला असतो. चूक दुरुस्त न करता पुढे गेलात तर बाद.

टू-ऑन टू-ऑफ. फळीवरून उतरताना मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन जमिनीवर. डॉग-वॉकच्या (फळ्यांच्या उंच, अरुंद पुलाच्या) टोकाचे ९० सेंटिमीटर वेगळ्या रंगाचे असतात, तिथे किमान एक पंजा टेकायलाच हवा. सरावात फळीच्या टोकापुढे जमिनीवर प्लास्टिकचं झाकण ठेवून त्याला नाक लावायला शिकवतात. स्पर्धेत घाईने कुत्रा थांबण्याआधीच 'चल' म्हटलंत की थोड्याच दिवसांत 'चल' कुत्रा स्वतःच म्हणू लागतो.

फ्लाय-ऑफ. सी-सॉ (मध्यावर तोललेली, खाली-वर होणारी फळी) जमिनीला टेकायच्या आत कुत्र्याने उडी मारणे. बहुधा त्या आपटण्याच्या आवाजाला तो घाबरतो. टोकाखाली उशी ठेवून फळी खाली येण्याची उंची हळूहळू वाढवा.

वॉक. कुत्र्याविना मैदानाची पाहणी. शहाणी माणसं अदृश्य कुत्र्याला हाका मारत, हातवारे करत फिरतात. एक फेरी क्रम पाठ करायला, दुसरी गुडघ्यावर वाकून: त्या उंचीवरून बोगद्याचं भलतंच तोंड आधी दिसतं. त्यात कुत्रा घुसला की थेट बाद.

बाद होण्याचं आणखी एक हमखास कारण: रिंगमध्ये शौच. तुमची पाळी यायच्या आधी कुत्र्याला बाहेर फिरवून आणा.